डोक्याच्या वरची फुलपाखरं

४ एप्रिल

भिंगरे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच केरात टाकशील, म्हणून वरचा पत्ता कॉलेजच्या शिपायाकडून लिहून घेतला आहे. फसवलं म्हणून हवं तेवढं रागाव, पण आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. सहा वर्षांत मी तुला काही मागितलं नाही. आज मागणार आहे.

कॉलेजने प्राणिशास्त्राची मागची खोली रिकामी करायला काढली. तिथे संगणक मांडणार म्हणे. माझ्यासारख्या निवृत्त बाईचे बावीस लाकडी ट्रे कुणालाच नको होते, तेव्हा ते माझ्या घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर, पलंगाखाली, शिवणयंत्रावर पसरले. डांबरगोळ्यांच्या वासाने शेजारीण यायची थांबली, तेवढाच फायदा.

दर वर्षी वीस, याप्रमाणे बावीस वर्षांची आपली तपकिरी फुलपाखरं. वेळ होता म्हणून पुन्हा मोजायला बसले. आपण तेव्हा पंखावरचे ठिपके मोजायचो, पंख कधी मोजला नाही. या वेळी पंखाची लांबी घेतली, मुळापासून टोकापर्यंत. पहिल्या ट्रेची सरासरी एकवीस मिलिमीटर. बाविसाव्याची साडेतेवीस. मधली वर्षं जिन्यासारखी चढत गेलेली. तीनदा मोजलं. चष्मा बदलून मोजलं.

वर्षाला एक पिढी, म्हणजे बावीस पिढ्यांत अडीच मिलिमीटर. आणि ट्रेमध्ये आहेत ती जाळ्यात सापडलेली. न सापडलेल्यांचे पंख केवढे असतील?

तू म्हणायचीस, "अक्का, ही आता आपल्याला ओळखायला लागलीत. आपण आलो की वर जातात." आणि मी म्हणायचे, "मग हात हलव त्यांना." ओळखत नव्हती ती. गवताला धरून उडणारी दर वर्षी आपल्या हाती लागत होती. वीस टाचणीला जायची, बाकीच्यांना आपण लाल ठिपका लावून सोडायचो. मागे उरली ती हाती न लागणाऱ्यांची लेकरं. मी वर्गात पोरांना सांगायचे की निसर्ग निवड कशी करतो ते आम्ही त्या उतारावर मोजतो आहोत. निवड आपणच करत होतो, जाळं हातात घेऊन.

आकडा दर वर्षी घसरला, कारण आपली मोजणी डोक्याच्या उंचीपर्यंतच होती. शेवटच्या वर्षी, वीस टाचणीला गेल्यावर, रंगवायला उरली नऊ. मग मी अहवालात लिहिलं की या उतारावर जतन करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि त्या कागदावर खाणीला परवानगी मिळाली. वरचा उतार खाणीने खाल्ला. खालचा तुकडा आणि त्यावरची अकरा झाडं अजून उभी आहेत. एक जूनला तीही जाणार.

मला अहवाल मागे घ्यायचा आहे. परवानगी देणाऱ्या समितीला अर्ज केला आहे. तुझ्याकडून एवढंच हवं: झाडांच्या शेंड्यांवर ती तुला पहिल्यांदा कोणत्या वर्षी दिसली, आणि किती. तुझी वही सुनावणीच्या त्या गडबडीत कुठे गेली कोण जाणे. आठवेल तसं लिही.

त्या दिवशी तू काही न सांगता निघून गेलीस. मी पायऱ्यांवर पाऊण तास थांबले होते.

अक्का


१९ एप्रिल

भिंगरे,

पंधरा दिवस झाले. पत्र पोचलं नाही असं मी धरून चालत नाही.

काल उतारावर जाऊन आले. आता तिथे तारेचं कुंपण आहे, पण आपल्या पायवाटेच्या तोंडाशी एक खांब कलला आहे, तिथून आत शिरले. साडी फाटली. वरच्या बाजूला जिथे आपण डबे उघडून बसायचो तिथे आता काही नाही. कडा आहे आणि खाली पांढरी धूळ. तू ज्या दगडावर पाय पसरून चित्रं काढायचीस तोही गेला.

हेल्मेट घातलेला एक तरुण इंजिनिअर धावत आला.

"आजी, इथे यायला मनाई आहे."

"आजी घरी असेल तुमच्या. मला बाई म्हणतात."

"बाई, इथे यायला मनाई आहे. काय शोधताय?"

"फुलपाखरं."

"नाहीत इथे. तसा कागद आहे आमच्याकडे, तज्ज्ञांचा."

"ठाऊक आहे. मीच लिहिलाय."

त्याने स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. म्हणाला, "मग निदान हे तरी घाला. वरून दगड येतात." पोरगा वाईट नाही.

गवत अजून आहे, गुडघाभर. आता एप्रिलमध्ये दिसण्यासारखं काही नसतंच. अळ्या गवताच्या बुडाशी दडलेल्या असणार आणि मे संपताना कोषातून बाहेर येणार. असणार, असं म्हणते. सहा वर्षं कुणी मोजलेलंच नाही. ती आहेत की संपली, हे पंचवीस मेच्या आधी मला कळणार नाही, आणि झाडं पडणार एक जूनला.

एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळते आहे. तो लाल रंग. नेलपॉलिश आणायला तू जायचीस, बाटल्याच्या बाटल्या, आणि दुकानदार विचारायचा, "ताई, लग्नं तरी किती घरात?" तू सांगायचीस, "पाचशे. सगळी तीन आठवड्यांत उरकायची आहेत." पहिल्याच वर्षी तू म्हणाली होतीस की तपकिरी रंग घेऊ. मी म्हटलं, तपकिरीवर तपकिरी लावून मला काय डोंबल दिसणार? लाल हवा. आणि मिटलेल्या पंखावरही दिसावा म्हणून खालच्या बाजूला हवा.

मला दिसला, तसा फुलपाखरं टिपणाऱ्या पाखरांनाही दिसला. बावीस वर्षं मी त्यांना ताट वाढून दिलं.

हे मला कसं कळलं ते सांगते. वही सापडली. कपाट आवरताना.

तुझ्या शेवटच्या वर्षाच्या पानांवर झाडांखाली पडलेले पंख चिकटवलेले आहेत. पाखरं अंग खातात आणि पंख टाकून देतात. सत्त्याऐंशी पंख. त्यातल्या एकसष्टांवर लाल ठिपका. त्या वर्षी आपण नऊच रंगवली होती, म्हणून मी चक्रावले. मग तुझी टीप दिसली: मागच्या आठ वर्षांत वेचलेले, लिफाफ्यातून काढून एकत्र लावले. बारीक अक्षरात, समासात. त्या आठ वर्षांत शंभरातली जेमतेम तीस आपण रंगवली असतील. खाल्लेल्यांत मात्र सत्तर रंगवलेली.

तू हे आठ वर्षं वेचत होतीस आणि मला बोलली नाहीस. की बोललीस, आणि मी ऐकलं नाही?

उत्तर धाड.

अक्का


६ मे

भिंगरे,

तुझं कार्ड मिळालं. तीन शब्द. "वही परत पाठव." ना मायना, ना सही. बोलण्यात काटकसर तू कधीपासून करायला लागलीस? आपल्या घरात ते खातं माझ्याकडे होतं.

पाठवीन. वीस मेला सुनावणी आहे, तोपर्यंत मला ती लागेल. त्यानंतर रजिस्टर टपालाने पाठवीन. तुला यायचं असेल तर सकाळी अकराला, तीच इमारत, तोच दुसरा मजला. बाहेरचं बाक बदललं आहे.

आता ऐक. वही कपाट आवरताना सापडली असं मी लिहिलं, ते खरं नाही. ती कुठे आहे हे मला सहा वर्षं ठाऊक होतं. चौदाव्या ट्रेखाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कॉलेजच्या खोलीत होती तेव्हाही आणि ट्रे घरी आले तेव्हाही. आधी चौदावा ट्रे उतरवून घेतला, मग बाकीचे.

तू ती माझ्या हातात दिलीस ती समितीपुढे ठेवायला. म्हणालीस, "मला तिथे बोलायला जमणार नाही, अक्का, तू दे." सुनावणीच्या दिवशी मी ती पिशवीत घातली आणि पिशवी पायाशी ठेवली. अध्यक्षांनी विचारलं, "या जागेची दुसऱ्या कुणी मोजणी केली आहे का?" तू मागच्या रांगेत होतीस. मी काय बोलले ते तुला पाठ असेल, तरी माझ्या हाताने एकदा लिहिते.

मी म्हटलं, "माझी बहीण बरोबर यायची. ती चित्रकला शिकवते."

बस, एवढंच. अध्यक्ष हसले, बाकीचे हसले, आणि पुढचा विषय निघाला. मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. सहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आहे की खोटं एक अक्षर बोलले नव्हते. तू शाळेत चित्रकला शिकवतच होतीस.

नोंदवहीत दोन रकाने होते, आठवतं? निरीक्षक आणि सहायक. बावीस वर्षं पहिल्यात माझं नाव आणि दुसऱ्यात तुझं. नियम माझा होता: डोक्याच्या वर गेलं ते आपलं नाही. कारण पहिल्या वर्षी वरची मोजली नव्हती, आणि मध्येच मोजायला लागलो तर वर्षांची तुलना कशी होणार? शास्त्र म्हणून हे बरोबर होतं, आजही कुणीही बरोबरच म्हणेल. तू सतराव्या वर्षी मान वर करून म्हणालीस, "अगं अक्का, झाड हलतंय बघ." मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "अकरा वाजले, मोजणी संपली."

त्यानंतर तू स्वतःची वही घातलीस.

पायऱ्यांवर मी पाऊण तास थांबले होते, हे खरं आहे. तू मागच्या दाराने गेलीस हे मला पाच मिनिटांतच शिपायाने सांगितलं होतं. उरलेला वेळ मी का थांबले ते मलाही सांगता येत नाही. उठवत नव्हतं.

अक्का


२१ मे

भिंगरे,

तू आली नाहीस. येशील असं वाटलं नव्हतं, तरी शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून होते.

अध्यक्ष तेच आहेत, केस तेवढे गेले. खाणीचे वकील नवे आहेत, गोड बोलणारे.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, सहा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात काही उरलं नाही. आज म्हणताय उरलंय. आम्ही कुठल्या बाईंचं ऐकायचं?"

"दोघींचं नका ऐकू. ही वही बघा."

"कुणाची?"

"माझ्या बहिणीची. ती चित्रकला शिकवते."

त्यांना आठवलं. तोंडावर आलेलं हसू त्यांनी परत घेतलं, कारण मी बसले नव्हते. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि पानं उलटत गेले. सतरावं वर्ष, शेंड्यांवर चाळीस. अठरावं, एकशे दहा. बाविसावं, जेव्हा माझ्या नोंदवहीत नऊ होती तेव्हा तुझ्या वहीत तीनशे सहा. प्रत्येक झाडाचं चित्र, आणि कुठल्या फांदीवर किती. एक बाई सदस्य आहेत, त्या पंखांच्या पानावर थांबल्या आणि बराच वेळ पुढे सरकल्या नाहीत.

मग वकील उठले.

"ही वही तुम्हाला कधी मिळाली, मॅडम?"

"मागच्या सुनावणीच्या आठ दिवस आधी."

"वाचलीत?"

"दोनदा."

"अहवालावर सही करण्याआधी की नंतर?"

भिंगरे, हे मी तुलाही लिहिलेलं नव्हतं. मागच्या पत्रात वही लपवल्याचं लिहिलं आणि तिथेच थांबले. वाचायच्या आधीच लपवली असं तू समजशील, तर तेवढी तरी लाज राहील असा हिशेब होता.

"आधी," मी म्हटलं.

"मग सही का केलीत?"

खोलीत पंखा फिरत होता आणि कागद फडफडत होते. मी म्हटलं, "एक जात हळूहळू कशी संपते, त्यावर माझं नाव झालं होतं. बावीस वर्षांची घसरती रेघ, तिच्यावर तीन लेख. ही वही खरी धरली तर ती रेघ फुलपाखरांची नव्हती, माझ्या जाळ्याची होती. ते मला सोसलं नाही."

वकिलांनी मान हलवली, अगदी सहानुभूतीने. "म्हणजे ठाऊक असून तुम्ही चुकीचं लिहिलंत. मग आज खरं सांगताय हे कशावरून? आज एक तरी फुलपाखरू दाखवू शकता?"

"पंचवीस तारखेनंतर."

"आणि नाही निघालं तर?"

खरं सांगून मी स्वतःचीच साक्ष मोडली होती. पोरांना आयुष्यभर सांगितलं, पुरावा हातात असल्याशिवाय तोंड उघडू नये. आणि मी उघडलं ते असं.

तासाभराने निर्णय झाला. दहा जूनपर्यंत झाडांना हात लावायचा नाही. तोवर समितीला जागेवर पन्नास फुलपाखरं दाखवायची. त्या बाई सदस्यांनी रेटलं म्हणून हे तरी मिळालं. मी विचारलं, आदेश आज हातात मिळेल का? कारकून म्हणाला, "टाईप व्हायला हवा, सह्या व्हायला हव्यात. तीन-चार दिवस धरा. साहेबांनी सांगितलंय म्हणजे झालंच ना, बाई."

जिना उतरताना लक्षात आलं, बऱ्याच वर्षांनी भूक लागली आहे.

आदेश हातात आला की मोजायला जाईन. मान वर करून. जाळं नेणार नाही.

अक्का


३१ मे

भिंगरे,

सोबत वही आहे. खाली मी लिहिते ते क्रमाने वाच, पुढचं आधी वाचू नकोस. तुला ती खोड आहे.

आदेश सत्तावीस तारखेला टाईप झाला. त्यांनी एक जूनची वाट बघितली नाही, आदेश निघायच्या आत, पंचवीस आणि सव्वीसला झाडं पाडली.

हेल्मेटवाला इंजिनिअर सव्वीसच्या संध्याकाळी घरी आला. पत्ता कुठून काढला कोण जाणे. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तर येईना. "बाई, मी दोन दिवस थोपवून धरलं होतं. वरून विचारलं, कागद कुठाय? माझ्याकडे कागद नव्हता." मी म्हटलं, "तुमच्याकडे एक होता की. माझा." हे बोलायला नको होतं. त्याचा चेहरा उतरला. त्याने माझं काय वाईट केलं होतं? मी पाणी दिलं, ते तो उभ्यानेच प्याला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. जाऊन बघायचं काय? अठ्ठावीसला गेले, ते नऊ वाजता घरात बसवेना म्हणून. साडेनऊला पायवाटेच्या तोंडाशी होते. सवय.

अकरा बुंधे, ताजे, ओले. ओंडके एका बाजूला रचलेले, फांद्या दुसऱ्या बाजूला. यंत्राच्या चाकांखाली गवत बरंच चिरडलं होतं, सगळं नाही. मी गवतात बघत बसले. काही नाही. गुडघ्यापाशी नाही, कमरेपाशी नाही. सव्वादहाला एक माझ्या हातापाशी गवतातून निघालं, पंख नुकते वाळलेलं. आपली तपकिरी. ते गवतावर बसलं नाही. सरळ वर गेलं. मी मान वर केली.

भिंगरे, ती वर होती. बुंध्यांच्या वर वीस-बावीस फुटांवर, जिथे शेंडे होते तिथे. तिथे आता काहीच नाही, नुसतं ऊन. त्या उन्हात ती गोल फिरत होती, अकरा ठिकाणी अकरा झुपके, प्रत्येक बुंध्याच्या बरोबर वर. बसायला जागा शोधत असावीत. खाली यायला ती तयार नव्हती. खाली येणारी आपण बावीस वर्षांत वेचून काढली होती ना.

मोजता येईना. चष्मा सारखा पुसावा लागत होता. मग तू शिकवायचीस तसं एकेक झाड धरून मोजलं, झाड नसलं तरी.

अठ्ठावीस मे: दोनशे चौदा.

समितीला लगेच फोन केला. कारकून म्हणाला साहेब दौऱ्यावर आहेत, दोन तारखेला येतील.

एकोणतीस मे: एकशे तीस. काही खाली पडलेली, पंख फाटलेली. पाखरांची चंगळ होती. त्यांना आता लाल ठिपक्याची गरज नव्हती.

तीस मे: एकेचाळीस.

आज: सहा. समितीला पन्नास हवी होती.

रचलेल्या फांद्यांखाली, सुकत चाललेल्या पानांवर दोन-तीन बसलेली दिसली. त्यांनी अंडी घातली असतील तर गवताच्या त्या उरलेल्या पट्ट्यात पुढच्या वर्षी काही निघेल. निघेल असं मी म्हणत नाही. अशी वाक्यं मी फार लिहिली आणि त्यांचं काय झालं ते तू बघितलंस. पट्टा ठेवणार का, ते दोन तारखेला कळेल. मी जाणार आहे, तिथे उभी राहून सांगणार आहे, आणि ते माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. तुझ्यावर ठेवतील. त्या बाई सदस्यांनी परवा फोनवर विचारलं, "तुमच्या बहिणीला यायला जमेल का?" मी म्हटलं, मला विचारायचा अधिकार नाही. म्हणून विचारत नाही. दोन तारीख, सकाळी अकरा, एवढंच लिहून ठेवते.

तुझ्या वहीत मी एक अक्षर लिहिलेलं नाही. शेवटच्या पानावर तू आखलेला तक्ता रिकामा आहे. वरचे चार आकडे तुला पटले तर तू तिथे लिही, नाही पटले तर सोडून दे. आकड्यांबरोबर रकानेही भरावे लागतील, म्हणून त्यांची माहिती देते. वेळ साडेनऊ ते अकरा. मोजणीची उंची, बावीस फूट. निरीक्षक या रकान्यात तुझं नाव घाल, कारण बघायचं कुठे ते तू दाखवलंस.

सहायक, मी.

अक्का